केमिकल इंजिनिअरिंगच्या मुलांना 'प्रोसेस डायनॅमिक्स अँड कंट्रोल' शिकवायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की यंदा पहिल्यांदाच तिसऱ्या वर्षाचा हा विषय, म्हणजे कारखान्यातली प्रक्रिया वेळेबरोबर कशी बदलते आणि ती ताब्यात कशी ठेवायची, तुमच्याकडे आलाय, लाप्लास ट्रान्सफॉर्म (बदलाची समीकरणं साध्या बीजगणितात आणायची गणिती युक्ती) फळ्यावर आला की वर्ग गप्प होतो, आणि प्रयोगशाळेत कंट्रोलचं एकही यंत्र धड चालत नाही. मी बेळगावात हाच विषय बरीच वर्षं शिकवतोय. माझ्या वर्गात बरीच मुलं चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी भागातली असतात. काही मराठी माध्यमातून आलेली, काही कन्नड, आणि पुस्तक इंग्रजी. तरीही माझा अनुभव असा की भाषेमुळं मूल फारसं अडत नाही आणि लाप्लासमुळं तर त्याहून कमी.

खरी अडचण दुसऱ्या वर्षातच तयार झालेली असते. मटेरिअल बॅलन्स शिकवताना आपण लिहितो, आत आलेलं वजा बाहेर गेलेलं बरोबर साचलेलं. आणि पुढच्याच ओळीत 'स्टेडी स्टेट', म्हणजे वेळेबरोबर काही बदलत नाही, म्हणून त्या साचलेल्यावर काट मारतो. हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर, डिस्टिलेशन, सगळीकडे तीच काट. मुलांच्या हाताला ती इतकी सवयीची होते की साचणं म्हणून काही असतं हेच ती विसरतात. मग तिसऱ्या वर्षी आपण येतो आणि त्या काट मारलेल्या पदावरच अख्खा विषय उभा करतो. मूल गोंधळणारच. म्हणून पहिले आठ-दहा दिवस लाप्लासचं नाव काढू नका. ते पद परत आणा आणि वेळेबरोबर एखादी गोष्ट कशी बदलते ते मुलांना डोळ्यांनी बघू द्या, हातानं काढू द्या.

यंत्र नाही म्हणून अडू नका. साधारण ३६ सेंटिमीटर व्यासाचा, मीटरभर उंचीचा प्लॅस्टिकचा ड्रम घ्या. खाली अर्ध्या इंचाचा नळ बसवा आणि बाजूला पारदर्शक नळी लावून तिला पट्टी चिकटवा. एवढ्या व्यासाला एक सेंटिमीटर उंची म्हणजे जवळपास एक लिटर पाणी, त्यामुळं हिशोब तोंडी होतो. वरून मिनिटाला १० लिटर पाणी सोडा आणि खालचा नळ असा बसवा की पातळी ४० सेंटिमीटरवर स्थिर राहील. पातळी नळाच्या तोंडापासून मोजा, तळापासून मोजलीत तर पुढचं सगळं गणित बिघडतं. आता वरचं पाणी मिनिटाला ११ लिटर करा. पण नळ फिरवण्याआधी प्रत्येक मुलाला वहीत आलेख काढायला लावा: पातळी कशी वाढेल, कुठं थांबेल, किती वेळात? हे मी कधीही चुकवत नाही. आधी स्वतःचा अंदाज कागदावर उतरलेला असला की मूल समोरच्या ड्रमकडे वेगळ्याच नजरेनं बघतं. काही जण सरळ रेघ काढतात, काही जण पाणी वाहून जाईपर्यंत पातळी चढवतात. कोण बरोबर हे ड्रमच सांगतो, तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

आता हिशोब. नळातून बाहेर पडणारं पाणी पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. त्यावरून टाईम कॉन्स्टंट (पातळी किती लवकर बदलते ते सांगणारा वेळ) निघतो तो ड्रममधलं पाणी भागिले प्रवाह याच्या दुप्पट. इथं ४० लिटर भागिले १० म्हणजे ४ मिनिटं, त्याची दुप्पट ८ मिनिटं. ८ मिनिटांनी एकूण वाढीच्या ६३.२ टक्के वाढ झालेली असते, म्हणजे पातळी ४५च्या आसपास, आणि ३२ मिनिटांत ९८ टक्के काम उरकतं. एका तासिकेत प्रयोग बसतो. सुरुवातीचा वेग मिनिटाला एक सेंटिमीटर असतो. त्याच वेगानं पातळी चढत राहिली असती तर जवळपास ८ मिनिटांनी शेवटच्या पातळीला टेकली असती, हेही आलेखावर पट्टी ठेवून दाखवा.

याच ड्रमवर लिनिअरायझेशन, म्हणजे वाकड्या रेषेच्या जागी सरळ रेषा घेणं, शिकवा. पुस्तकात टेलर सीरिज येते आणि मुलं ती न समजता उतरवून काढतात. आपल्या ड्रमवर सरळ रेषेचं सूत्र सांगतं की ११ लिटरला पातळी ४८ होईल, प्रत्यक्षात ती ४८.४ होते. फरक नगण्य. १५ लिटरला सूत्र म्हणतं ८०, ड्रम म्हणतो ९०. आणि प्रवाह ५ लिटरवर आणला तर सूत्राप्रमाणं ड्रम कोरडा पडायला हवा, पण त्यात १० सेंटिमीटर पाणी शिल्लक असतं. सूत्र कुठवर चालतं आणि कुठं साथ सोडतं हे एवढ्या चार आकड्यांतून कळतं. हे एकदा पटलं की 'डेव्हिएशन व्हेरिएबल' का घ्यायचे हेही पटतं: आपण ४० पासून किती हललो एवढंच बघतोय, कारण आपलं सूत्र ४० च्या आजूबाजूलाच खरं आहे.

ड्रम जमत नसेल तर एक्सेल पुरे. पुढची पातळी म्हणजे आताची पातळी अधिक मिनिटाच्या दहाव्या भागात साचलेलं पाणी. येणारा प्रवाह ११, जाणारा १.५८ गुणिले पातळीचं वर्गमूळ. पहिल्या पाच ओळी हातानं करायला लावा, मगच सूत्र खाली ओढू द्या.

एवढं झाल्यावर लाप्लास काढा. तोवर मुलांना उत्तराचा आकार माहीत झालेला असतो. लाप्लासनं डेरिव्हेटिव्हचं, म्हणजे बदलाच्या दराचं, गुणाकारात रूपांतर होतं आणि हीच रेघ चार ओळींत निघते, हे बघून वर्ग सुटल्यासारखा होतो. साधन कशासाठी आहे ते ठाऊक असलं की साधनाची भीती राहत नाही.

यानंतर सगळ्यात जास्त वेळ मी डेड टाईमला, म्हणजे केलेला बदल दिसायला लागणाऱ्या उशिराला, देतो, आणि तुम्हीही द्यावा असं मनापासून वाटतं. बहुतेक पुस्तकांत तो एका पानात उरकतात, पण कारखान्यात कंट्रोल लूप (मोजणारा सेन्सर, ठरवणारा कंट्रोलर आणि दुरुस्ती करणारा व्हॉल्व्ह यांची साखळी) बिघडायचं हे मोठं कारण असतं. १२ मीटर पाईप, आत पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. या टोकाला केलेला बदल त्या टोकाच्या सेन्सरला २४ सेकंदांनी कळतो. आता समजा प्रक्रियेत ४८ सेकंदांची लाट चाललीय. २४ सेकंदांचा उशीर म्हणजे नेमकी अर्धी लाट. कंट्रोलर खाली दाबायला जातो तेव्हा लाट आपणहून खाली निघालेली असते, आणि तो वर उचलतो तेव्हा ती वर चढत असते. दुरुस्तीच धक्का देऊ लागते. लूपचा गेन (एका फेरीत बदल किती पट होतो तो आकडा) एकपेक्षा जास्त असेल तर लाट दर फेरीला मोठी होत जाते. दोन लाटा एकाखाली एक काढून हे समजावलं की फेज लॅग (लाट अंशांत किती मागे पडते ते) आणि तो व गेन दाखवणारे बोडे आलेख पुढं सोपे जातात, कारण १८० अंश म्हणजे अर्धी लाट हे आधीच दिसलेलं असतं.

आमच्या इकडं याला एक घरचं उदाहरण मिळतं. ज्यांच्या घरी गुऱ्हाळ आहे अशी मुलं वर्गात असतात. मी विचारतो, काहिलीतला गूळ तयार झाल्यावर चुलवाणातला जाळ कमी करतात की आधीच? उत्तर लगेच येतं, आधीच. गुळव्या गरम पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी करून बघतो आणि पाक पुरता व्हायच्या आधीच चिपाडं घालणाऱ्याला थांबवतो, कारण चुलवाणात असलेली उष्णता काहिलीत उतरायची अजून बाकी असते. तो आत्ताचं तापमान बघत नाही, ते कुठं चाललंय ते बघतो. डेरिव्हेटिव्ह ॲक्शन, म्हणजे बदलाचा वेग बघून आधीच केलेली दुरुस्ती, समजावायला मला यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी पोरं त्या दिवशी फळ्यापाशी येऊन आलेख काढतात.

दुसरी गोष्ट साखर कारखान्याच्या बॉयलरची. टर्बाईननं एकदम जास्त वाफ ओढली की बॉयलरच्या ड्रममधला दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी वर जाते. प्रत्यक्षात ड्रममधलं पाणी कमी होत असतं. साधा लेव्हल कंट्रोलर पातळी वाढली म्हणून फीड वॉटर कमी करतो, म्हणजे नेमकं उलटं. म्हणून तिथं पातळीसोबत वाफेचा आणि पाण्याचा प्रवाहही मोजून तिन्हींवरून निर्णय घेतात, त्याला थ्री एलिमेंट कंट्रोल म्हणतात. इथं ट्रान्सफर फंक्शन (आत केलेला बदल आणि बाहेर दिसणारा बदल यांचं लाप्लासमधलं गुणोत्तर) लिहून दाखवा: एकमेकांविरुद्ध चालणाऱ्या अशा दोन प्रक्रियांची बेरीज केली की वरच्या पदात धन झिरो, म्हणजे त्या पदाला शून्य करणारी धन किंमत, येऊ शकतो. 'राईट हाफ प्लेन झिरो' हा शब्द वर्षानुवर्षं पाठ करणाऱ्या मुलांना तो बुडबुड्यांतून आलाय हे कळलं की चेहऱ्यावर फरक दिसतो. रसाच्या पीएच नियंत्रणाचंही उदाहरण घ्या. चुना आणि सल्फर डायऑक्साईड देऊन रस सातच्या आसपास ठेवावा लागतो. आम्ल राहिला तर साखरेचं विघटन होऊन ती वाया जाते, अल्कली जास्त झाली तर रंग गडद होतो. आणि पीएच लॉगरिदमिक असल्यामुळं एका ठिकाणी बसवलेला गेन दुसऱ्या ठिकाणी चालत नाही.

ट्यूनिंगला, म्हणजे कंट्रोलरचे आकडे बसवायला, झिगलर आणि निकोल्स यांचा १९४२ सालचा तक्ता सगळे पाठ करतात. पाठ करू द्या, पण आकडे असे का आहेत ते विचारा. लूप अखंड झुलू लागेल तो गेन काढायचा. नुसत्या प्रपोर्शनलला (चुकीच्या प्रमाणात दुरुस्ती) त्याचा ०.५ पट, पीआयला (त्यात साचत गेलेल्या चुकीची दुरुस्ती, म्हणजे इंटिग्रल, मिळवून) ०.४५, पीआयडीला (वर डेरिव्हेटिव्हही घेऊन) ०.६. इंटिग्रल आला की लॅग वाढतो म्हणून गेन उतरवावा लागतो, डेरिव्हेटिव्ह थोडा लीड देतो म्हणून चढवता येतो. डेड टाईमच्या लाटा समजलेल्या मुलाला हे सांगावंच लागत नाही, ते स्वतःच सांगतं. चालू कारखान्यात लूप असा झुलवायला कोणी देणार नाही हेही स्पष्ट करा. त्यासाठी ऑस्ट्रम आणि हेगलुंड यांची १९८४ची रिले पद्धत आहे, तिच्यात कंट्रोलरऐवजी चालू-बंद होणारा स्विच लूपला मर्यादित झोका देतो. तिच्यात झुलणं आपल्या हातात राहतं.

राऊथच्या तक्त्याला (मुळं न काढता लूप स्थिर आहे का ते तपासायची रीत) मी एकच तास देतो. १८७७ साली बहुपदीची मुळं काढणं जिकिरीचं होतं, आज सायलॅब हे सॉफ्टवेअर क्षणात काढून देतं, आणि तेही फुकट. परीक्षेला येतो म्हणून सराव करून घ्या, पुढं चला. उलट व्हॉल्व्हची दिशा मात्र घोटून घ्या: व्हॉल्व्ह चालवणारी दाबाची हवा गेली तर इंधनाचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा आणि थंड पाण्याचा उघडायला हवा. मुलाखतीत हे हमखास विचारतात, आणि इथली चूक माणसाच्या जिवावर बेतू शकते.

शेवटी कारखान्याची भेट. तुमच्या आसपास साखर कारखाना असेलच. आमच्या इकडं संकेश्वर, चिकोडी, उगार असे पर्याय आहेत आणि बेळगावातच एस. निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे. गाळप सुरू असतानाच जायला हवं, म्हणून पत्रव्यवहार दिवाळीआधी सुरू करा. आत गेल्यावर गव्हाणीपासून पोत्यापर्यंत सगळं फिरवून आणलं तर मुलांच्या हाती काही लागत नाही. सरळ बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये न्या. ऑपरेटरला विनंती करून ड्रम लेव्हल, वाफेचा प्रवाह आणि फीड वॉटर या तिन्ही रेघा एकाच पडद्यावर घ्यायला सांगा आणि मिल अचानक थांबली होती त्या वेळेचा भाग मागा. वाफेची मागणी घटली, दाब चढला, बुडबुडे आकसले, पातळी आधी पडली आणि मग वर आली. मुलांना काही न सांगता विचारा, यातली कुठली रेघ आधी हलली आणि का? परवानगी मिळाली तर त्या तासाभराची प्रिंट घेऊन या आणि सत्र परीक्षेत तीच छापून प्रश्न म्हणून द्या.