मीटिंगला जायचे आहे, पण ओळखीचे कोणी भेटले तर?

पती दारू सोडायला तयार झाले आहेत, डॉक्टरांनी एखाद्या सपोर्ट ग्रुपला जाण्यास सुचवले आहे, परंतु ‘तिथे आपल्या मंडळातले कोणी भेटले तर तोंड कसे दाखवायचे’ या प्रश्नापाशी सगळे अडले आहे, असे एका भगिनीने कळवले आहे. अडचण खरी आहे, कारण परदेशात मराठी माणसांचे वर्तुळ लहान असते आणि लहान वर्तुळात बातमी लवकर फिरते. तरीही आपल्या भाषेतला, आपल्या वयाचा, मनाजोगता गट मिळेपर्यंत थांबू नये, घराजवळ या आठवड्यात जी मीटिंग असेल तिला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याआधी एक खबरदारी. रोज बऱ्याच प्रमाणात पिणाऱ्या माणसाने डॉक्टरांना न विचारता एकाएकी दारू बंद करणे धोक्याचे ठरू शकते. काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम सुटतो, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत काहींना फिट येते किंवा भ्रम होतो. मीटिंगमध्ये औषधोपचार होत नाहीत, तेव्हा दारू कशी बंद करायची हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

आता ओळखीच्या माणसांविषयी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात दोन व्यसनग्रस्तांच्या भेटीतून सुरू झाली, आणि नाव गुप्त राखणे हा तिचा पायाच आहे. तिथे फक्त पहिले नाव सांगतात, संघटना सभासदांची नोंद ठेवत नाही आणि फीही घेत नाही. वर्गणीची टोपली फिरते, पण नवख्याने काही टाकलेच पाहिजे असे नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. मीटिंगा दोन प्रकारच्या असतात : ‘ओपन’ मीटिंगला नातेवाईकांसह कोणीही येऊ शकते, ‘क्लोज्ड’ मीटिंगला मात्र ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे तेच येतात. आपल्या पतींना ओळखले जाण्याची धास्ती असेल, तर त्यांनी पहिल्यांदा क्लोज्ड मीटिंगला जावे. तिथे कोणी परिचित भेटलाच, तर तोही याच कारणासाठी आलेला असेल आणि त्यालाही आपली गोष्ट बाहेर जायला नको असेल. आपल्याला सोबत जायचे असेल, तर मात्र ओपन मीटिंगच निवडावी लागेल.

मीटिंग शोधणे अवघड नाही. आपण राहता त्या देशातील एएच्या संकेतस्थळावर दिवस, वेळ आणि अंतर पाहून निवड करता येते, शिवाय अनेक देशांतील मीटिंगा ‘मीटिंग गाइड’ या मोफत ॲपमध्येही सापडतात. वेळा बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी आणि दहा मिनिटे आधी पोहोचावे.

आत गेल्यावर काय होते, याची भीती बहुधा प्रत्यक्षापेक्षा मोठी असते. बऱ्याच ठिकाणी खुर्च्या गोलाकार मांडलेल्या असतात, सुरुवातीला ठरलेले निवेदन वाचले जाते आणि मग एकेक जण आपले नाव सांगून ‘शेअरिंग’ करतो. पाळी आली की ‘मी आज फक्त ऐकायला आलो आहे’ एवढे म्हटले तरी चालते. एकाचे बोलणे संपल्यावर त्याला कोणी उत्तर देत नाही की उपदेश करत नाही, ही रीत बहुतेक गटांत पाळतात. दोन माणसे भेटली की लगेच सल्ला सुरू करणाऱ्या आपल्या समाजात (आणि हे तर सल्ल्याचेच सदर!) असे निमूट ऐकून घेतले जाणे पहिल्यांदा चमत्कारिक वाटेल, पण बोलणाऱ्याला मोकळे करते ते हेच. पुढे एखादा जुना सभासद ‘स्पॉन्सर’ म्हणून लाभला, की रात्री पिण्याची तलफ आल्यावर फोन करायला हक्काचे माणूस मिळते.

कित्येक मीटिंगा चर्चच्या तळघरात भरतात, काही ठिकाणी शेवटी प्रार्थनाही होते, त्यामुळे ‘हे धर्माचे काम आहे’ असा समज होतो. जागा भाड्याची असते. एए कोणत्याही धर्मपंथाशी बांधलेली नाही, आणि प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहिले तरी चालते. तरीही मन घेत नसेल, तर ‘स्मार्ट रिकव्हरी’सारखे, विचार आणि सवयी बदलण्याच्या मानसशास्त्रीय तंत्रांवर भर देणारे गट आहेत. एएचा उपयोग होतो का, असे पतींनी विचारले, तर वैद्यकीय संशोधन एकत्र करून पडताळणाऱ्या ‘कॉक्रन’ या संस्थेच्या २०२० च्या समीक्षेचा हवाला द्यावा : २७ अभ्यास पडताळल्यावर, दारूपासून सलग दूर राहण्यात एए आणि तिच्याशी जोडणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरल्याचे तिच्यात आढळले.

मराठीतून बोलण्याची ओढ असेल, तर ऑनलाइन मीटिंगांचा मार्ग आहे. भारतातील संध्याकाळ म्हणजे अमेरिकेतील सकाळ, तेव्हा कामावर निघण्यापूर्वी हेडफोन लावून बसता येते. मात्र तिला जोड मानावे, प्रत्यक्ष मीटिंगचा पर्याय नव्हे.

आणि आपण स्वतः? आपल्या पत्रात याविषयी एक ओळही नाही. व्यसनग्रस्तांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल-ॲनॉन’ ही वेगळी संघटना आहे, आणि किशोरवयीन मुलांसाठी तिचेच ‘अलाटीन’ गट आहेत. निदान सहा मीटिंगा केल्यावरच काय ते ठरवा, असे तिथे नवख्यांना सांगतात. पती जावोत वा न जावोत, आपण जाऊ शकता, आणि त्यासाठी त्यांची परवानगी लागत नाही.