आल्ट-कंट्री कधीच ऐकलेलं नाही, प्रेमभंगावरचा एखादा अल्बम सुचवा. कुठून सुरुवात करू?

आल्ट-कंट्री म्हणजे अमेरिकन कंट्री संगीताची मुख्य धारेबाहेरची, रॉककडे झुकणारी शाखा. त्यातला अमेरिकन गायिका-गीतकार लुसिंडा विल्यम्सचा १९९८ चा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' घ्या, आणि पहिल्यांदा तरी तेराही गाणी क्रमानेच ऐका. गेली कित्येक वर्षं मी हा अल्बम ऐकतोय. क्रमाचा आग्रह शेवटच्या 'जॅक्सन'साठी आहे. त्यात गाण्यातली बाई प्रियकराला सोडून गाडीने जॅक्सन या शहराकडे निघालीय. लाफायेट, बॅटन रूज, व्हिक्सबर्ग अशी दक्षिण अमेरिकी संस्थानांतली (यूएसए) एकेक गावं येतात आणि प्रत्येक गावापाशी ती स्वतःला बजावते की आता तुझी आठवण येणार नाही, रडू येणार नाही. चाल इतकी संथ आणि आवाज इतका थकलेला, की तिचं तिलाच ते पटलेलं नाही हे आपल्याला कळतं. त्याच्या आधीच्या 'जॉय'मध्ये हीच बाई चिडून आपला हिरावलेला आनंद परत मागत असते, म्हणून तर 'जॅक्सन' एवढं लागतं. 'ग्रीनव्हिल'मध्ये मागे कंट्री गायिका एमिलू हॅरिसचा आवाज आहे, तिथे हेडफोन लावाच. शब्द साधे आहेत, इंग्रजी फार चांगलं नसलं तरी अडणार नाही. एक मात्र आहे, सगळी गाणी प्रेमभंगाची नाहीत. 'ड्रंकन एंजल' हे १९८९ मध्ये गोळी लागून गेलेल्या ब्लेझ फोली या गायक-गीतकारावर आहे, आणि शीर्षकगीतात लहानपणची घरं, रस्ते आहेत. ती गाळू नका.