मेढ्याजवळच्या अंगणात बारा महिने राहील असं टेबल-बाक: रिसायकल प्लास्टिकचं घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याजवळ शेतघराच्या अंगणात जेवणाचं टेबल आणि बाकडी कायमची मांडायची आहेत, सागवान परवडत नाही, तर रिसायकल प्लास्टिकचं घ्यावं का आणि त्याच्या जोडीला काय काय लागेल.

घ्या. फक्त फळीवर जेवढा खर्च कराल, तेवढंच लक्ष खालच्या सांगाड्याकडं आणि बोल्टकडं द्या. आम्ही तिथंच चुकलो होतो.

पाचगणीच्या पुढं आमचा स्ट्रॉबेरीचा मळा आहे. येणाऱ्या लोकांना बसायला आधी नीलगिरीची टेबलं केली होती. तिसऱ्या पावसाळ्यात पाय जमिनीपाशी कुजले, राहिलेलं वाळवीनं पोखरलं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडं त्याहून कमी, तरी चार महिने लाकूड सुकतच नाही. प्लास्टिकच्या फळीला ना पाणी लागत ना वाळवी. म्हणून तिकडं वळलो.

पहिल्या टेबलाला वेल्डरनं दोन टोकांना दोनच आधार दिले. दिसायला छान झालं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात बघतो तर सहा फुटी फळ्या मधोमध खाली झुकलेल्या. आमटीची वाटी ठेवली की आमटी एका कडेला यायची. दोरी ताणून मोजलं तर जवळपास बोटभर झोळ. लाकूड वजन उतरलं की परत सरळ होतं. हे प्लास्टिक ऊन आणि वजन दोन्ही सतत मिळालं की हळूहळू वाकतं आणि तसंच राहतं. शेवटी फळ्या उलट्या करून बसवल्या आणि मध्ये दोन अँगल जास्त टाकले. तेव्हापासून दर दीड फुटाला एक आडवा आधार, हा आमचा नियम. बाकड्याला तर नक्कीच, कारण तिथं माणसं बसतात.

दुसरी गोष्ट, ही फळी उन्हात लांबते. सहा फुटी फळीचं तापमान तीस अंशांनी वाढलं तर ती साधारण सहा-सात मिलिमीटर वाढते. डिसेंबरच्या पहाटेत आणि मेच्या दुपारीत तेवढा फरक सहज पडतो, काळ्या फळीत तर जास्तच. म्हणून मधला एक बोल्ट घट्ट ठेवा, बाकीची भोकं फळीच्या लांबीच्या दिशेनं लांबट करा, वर रुंद वॉशर टाका. टोकाला दोन फळ्या समोरासमोर येत असतील तर मध्ये जागा सोडा. बोल्ट स्टेनलेसचेच घ्या, ३०४ ग्रेडचे म्हणून मागा. साध्या लोखंडी बोल्टचा गंज फळीवर ओघळतो. फेविकॉल किंवा रंगाच्या नादी लागू नका, या प्लास्टिकला दोन्ही नीट धरत नाहीत.

फळी घेताना एक भरीव तुकडा कापून मागा आणि बादलीत टाका. फळी एचडीपीईची हवी. हे प्लास्टिक, म्हणजे निळे ड्रम आणि तेलाचे कॅन ज्याचे असतात ते, पाण्यावर तरंगतं. तुकडा बुडाला तर त्यात पीव्हीसी, खडूची पूड किंवा लाकडाचा भुसा बराच आहे. कापलेली बाजूही बघा. मधोमध मोठी पोकळी असेल तर स्क्रू पकड घेत नाही. ज्यूसच्या खोक्यांपासून दाबून केलेले बोर्डही रिसायकल म्हणूनच विकतात, पण त्यात कागद असतो. कडेनं पाणी गेलं की फुगतात, अंगणात नकोत. उन्हात टिकण्यासाठी यूव्ही स्टॅबिलायझर घातलाय का ते विचारा. काळ्या रंगात काजळी असते, ती ऊन चांगलं अडवते, पण दुपारी काळ्या बाकड्यावर पोरं उघड्या पायांनी बसू शकत नाहीत. बाकडी तपकिरी किंवा करडी घ्या.

वजनाची तयारी ठेवा. सहा फूट लांब, साडेपाच इंच रुंद, दीड इंच जाड भरीव फळी नऊ किलोच्या आसपास भरते. सगळं टेबल हलवायला चार माणसं लागतात. वाऱ्यात उडत नाही, हा त्याचा फायदा.

जोडीचं सामान थोडंच लागतं. छत्री हवी असेल तर तिचं भोक आधार टाकण्याआधीच पाडून घ्या, आणि तिला खाली वजनदार बूड हवंच. टेबलाच्या भरवशावर उभी करू नका. संध्याकाळी ती मिटायचीच. गरम तवा किंवा कुकर ठेवायला लाकडी पाट ठेवा, एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं. ताटांवर झाकायला जाळीची झाकणं घ्या. माकडं येत असतील तर त्यांचा उपयोग नाही, जेवण वाढेपर्यंत आतच ठेवा. हळदीचे डाग पडले तर घासत बसू नका, उन्हात चार-आठ दिवसांत फिके होतात. ताडपत्रीनं पावसाळाभर घट्ट झाकू नका, आत ओल कोंडून शेवाळ धरतं. उघडंच राहू दे, दिवाळीआधी साबणपाणी आणि काथ्याचा ब्रश पुरतो.

भोकं पाडताना खाली जुनी चादर अंथरा. तो प्लास्टिकचा कीस कुजत नाही, पहिल्या वळवाबरोबर ओढ्यात जातो आणि तिथून नदीला.

आणि फळ्या मागवताना दोन जास्तच मागवा. रिसायकल मालाचा रंग प्रत्येक घाण्याला वेगळा येतो. वर्षानं एक बदलायची म्हटली तर तीच छटा मिळत नाही.