इम्प्लांटचा दात आणि कडक भाकरी

दात गेल्यावर पुढे काय, याविषयी गेल्या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातले चार प्रश्न निवडले आहेत. ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांवरच्या कॅपना जोडलेला मधला दात, इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा दात.

प्रश्न : खालची पहिली दाढ काढून दोन वर्षं झाली. एक डॉक्टर म्हणतात शेजारचे दोन दात घासून ब्रिज करा. दुसऱ्या ठिकाणी इम्प्लांट सुचवलं, तेही तीन दिवसांत कॅपसकट. काय करावं? (जुळे सोलापूर)

शेजारचे दोन्ही दात धडधाकट असतील, तर एका दाढेसाठी ते घासायला आम्ही सांगणार नाही. घासलेला दात पुन्हा भरून येत नाही. त्या दातांवर आधीच मोठं सिमेंट किंवा रूट कॅनॉल झालेलं असेल आणि कॅप लागणारच असेल, तर मात्र ब्रिज सोयीचा पडतो, स्वस्तही पडतो.

इम्प्लांट ठरवण्याआधी दोन मापं बघावी लागतात. पहिलं हाडाचं. दात काढल्यावर जबड्याचं हाड रुंदीला वर्षभरात जवळपास निम्मं झिजू शकतं, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. तुमची तर दोन वर्षं गेली आहेत. साध्या एक्स-रेत उंची दिसते, रुंदी दिसत नाही, म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून स्क्रूचं टोक 2 मिमी दूर हवं. शेजारच्या दाताच्या मुळापासून 1.5 मिमी. म्हणजे 4 मिमी जाडीच्या स्क्रूला किमान 7 मिमी मोकळी जागा लागते. दुसरं माप वरचं. खालचा दात गेला की त्यावरची दाढ हळूहळू खाली उतरते. हिरडीपासून तिच्यापर्यंत साधारण 7 मिमी अंतर उरलं नसेल, तर कॅपला जागा कुठून येणार? मग आधी वरची दाढ थोडी घासावी लागते किंवा वर सरकवावी लागते.

आता तीन दिवसांचं. इम्प्लांट म्हणजे तीन भाग : हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर छोट्या स्क्रूने आवळलेलं अबटमेंट (कॅप धरणारा खुंट) आणि वरची कॅप. हाडात आधी 2 मिमीचा ड्रिल जातो, मग टप्प्याटप्प्याने जाड ड्रिल. मिनिटाला 800 ते 1200 फेरे, वर सलाइनची धार सतत. धार कमी पडून हाड मिनिटभर 47 अंशांपर्यंत तापलं, तर तेवढ्या जागेतल्या पेशी मरतात आणि स्क्रू हाडाला धरत नाही. नीट बसला तर 35 न्यूटन-सेंटीमीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर मिळतो. पण ही पकड नुसती घट्ट आवळल्याची असते, लाकडात स्क्रू बसतो तशी. पुढच्या आठवड्यांत शरीर ते दाबलेलं हाड विरघळवतं आणि त्या जागी नवं हाड घालतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुनी पकड सुटलेली असते, नवी पुरती आलेली नसते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि माणूस त्या बाजूने शेंगा चावू लागतो. स्क्रू हलतो, भोवती हाडाऐवजी मऊ ऊती तयार होते, आणि मग तो काढण्यावाचून इलाज नसतो.

म्हणून खालच्या जबड्यात दोन ते तीन महिने, वरच्या पोकळ हाडात चार ते सहा महिने थांबायचं. हाड आणि टायटॅनियमचं हे जुळणं स्वीडनच्या ब्रोनेमार्क या संशोधकांना 1952 साली सशाच्या हाडात आढळलं, 1965 साली त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवलं. तोही महिनोन्महिने थांबूनच. लगेच कॅप कधीच घालत नाहीत असं नाही. समोरच्या दाताला तात्पुरती, चावताना न लागणारी कॅप घालतात. पण एकट्या दाढेला, जिच्यावर सगळा जोर येतो, तीन दिवसांत पक्की कॅप कशासाठी? घाई पेशंटला असते, हाडाला नसते.

खर्चाचा अंदाज लेखी घ्या : स्कॅन, स्क्रू, अबटमेंट, कॅप, हाडाची भर, प्रत्येक आकडा वेगळा. जाहिरातीतला आकडा बहुतेकदा नुसत्या स्क्रूचा असतो.

प्रश्न : आईचं वय 68, साखर आहे. खालची कवळी सारखी उचलली जाते. हाडं ठिसूळ म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन देतात. सगळे दात इम्प्लांटवर बसवता येतील? (मंगळवेढा)

सगळे कशाला? वरची कवळी टाळूला चिकटून बसते, खालचीला तसा आधार मिळत नाही. खाली पुढच्या भागात, सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट घालून त्यावर चटकन बसणारी, रात्री काढून धुता येणारी कवळी करा. 2002 साली मॉन्ट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी बिनदाती खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानला होता. कवळीच्या आतल्या नायलॉनच्या टोप्या झिजतात, वर्षा-दोन वर्षांनी बदलाव्या लागतात. ते काम दहा मिनिटांचं आहे.

आधी एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा. 7 च्या आत असेल तर निर्धास्त, 8 च्या वर असेल तर साखर आटोक्यात येईपर्यंत थांबा. ते इंजेक्शन बहुधा झोलेड्रॉनिक ॲसिड असावं. अशा औषधांनी क्वचित जबड्याचं हाड भरून न येता उघडं पडतं. ठिसूळपणासाठी दिलेल्या डोसात हा धोका कमी असतो. कॅन्सरसाठी तेच औषध बरंच जास्त वेळा देतात, तिथे इम्प्लांट टाळतात. इंजेक्शनचं नाव आणि शेवटची तारीख कागदावर लिहून दाताच्या डॉक्टरांना द्या, पण आपल्या मनाने बंद करू नका. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब असेल तर मुळीच नाही. ते लांबवलं तर मणके मोडू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच : निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा.

प्रश्न : यंत्रमागावर काम करतो. मावा वीस वर्षांपासून, आता तोंड पूर्ण उघडत नाही. इम्प्लांट होईल? (अक्कलकोट रोड)

स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. तीन बोटं गेली तर तोंड पुरेसं उघडतं. दोनच जात असतील तर मागच्या दाढेपाशी हँडपीस आणि ड्रिल सरळ उभाच राहत नाही. हे तोंड आवळणं सुपारीमुळे होतं, तंबाखू वेगळं नुकसान करते. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना चोळून मावा टपरीवर मिळतोच. तोंडात पांढरा पट्टा, न भरणारी जखम किंवा तिखट अजिबात सहन न होणं, यातलं काही असेल तर आधी तोंडाची तपासणी करून घ्या. दाताचं नंतर. घरात कुणी मिश्री लावत असेल तर त्यांनाही सांगा, ती भाजलेली तंबाखूच आहे.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी इम्प्लांट केलं. कॅप हलते, ब्रश करताना रक्त येतं. आणि कडक भाकरी खायची की नाही? (नवी पेठ)

आधी काय हलतंय ते कळलं पाहिजे. नुसती कॅप फिरते, दुखत नाही, हिरडी गुलाबी आहे, तर बहुधा आतला छोटा स्क्रू सैल झालाय. तो ठरलेल्या टॉर्कला पुन्हा आवळतात. मात्र लगेच जा. सैल स्क्रूवर चावत राहिलात तर तो आतच मोडतो आणि तुकडा काढणं जिकिरीचं होतं. घरचा गोंद लावू नका. हाडातला स्क्रूच हलत असेल तर तो गेला. काढून, हाड भरू देऊन पुन्हा सुरुवात.

रक्ताचं वेगळं कारण असू शकतं. सिमेंटने चिकटवलेल्या कॅपखाली कधी जास्तीचं सिमेंट हिरडीत राहून जातं. त्यावर जंतू साठतात, आधी हिरडी सुजते, मग हाड झिजू लागतं. सूज असताना साफ केलं तर सगळं पूर्ववत होतं, झिजलेलं हाड मात्र पुरतं परत येत नाही. म्हणून रक्त दिसलं की एक्स-रे काढा. रोज रात्री कॅपच्या दोन्ही बाजूंनी इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश) फिरवा, तार प्लास्टिकने मढवलेली हवी. जाताना इम्प्लांटचं कार्ड न्या. त्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि बॅच लिहिलेली असते. कार्ड दिलं नसेल तर मागून घ्या. प्रत्येक कंपनीचा पाना वेगळा असतो.

भाकरीचं म्हणाल तर खा. फक्त आपल्या दाताच्या मुळाभोवती जो पातळ पडदा उशीसारखा असतो, तो इम्प्लांटला नसतो. हुरड्यात खडा आला तर खरा दात आधीच कळवतो आणि जबडा थांबतो. इम्प्लांटवर तेवढी जाणीव नसते, दणका सरळ कॅपवर जातो आणि सिरॅमिकचा टवका उडतो. तेव्हा कडक भाकरी आमटीत चुरून, शेंगा हाताने फोडून. रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कव्हर करून घ्या.