एडिनबराच्या १८४४ च्या सुमाराच्या फोटोत तिघे मित्र मद्य घेत हसताना दिसतात. तो क्षण सहज टिपलाय का?

सहज नाही, ठरवून बसवलेला आहे. पण त्यातली मैत्री मला खरी वाटते.

'एडिनबरा एल' (एल म्हणजे एक प्रकारची बिअर) नावाच्या या फोटोत लेखक जेम्स बॅलंटाइन, डॉ. जॉर्ज बेल आणि चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल बसले आहेत, समोर एलचे उंच निमुळते ग्लास. हिलचा भागीदार रॉबर्ट अ‍ॅडमसन तांत्रिक बाजू सांभाळायचा. तंत्र कॅलोटाइपचं, म्हणजे कागदाची निगेटिव्ह. लख्ख ऊन असलं तरी कित्येक सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ, जराही हलायचं नाही. तेवढा वेळ हसू धरून ठेवणं फार अवघड. त्या काळचे चेहरे गंभीर दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून या तिघांच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा मला विलक्षण वाटतो.

असे फोटो बघताना आधी हात आणि कोपरं कुठे टेकलीत ते पाहा, मग सावल्या. हिल आणि अ‍ॅडमसन ही जोडी उजेडासाठी एडिनबरातल्या कॅल्टन हिल या टेकडीवरच्या त्यांच्या स्टुडिओच्या, रॉक हाउसच्या बाहेर, उघड्यावर फोटो काढायची. त्यामुळे बैठक घरातली वाटली तरी ती अंगणात मांडलेली असू शकते. आणि कडा धूसर दिसल्या तर तो दोष समजू नका, कागदाच्या तंतूंमुळे तसं होतं.