एअरशिपचं लायसन्स मिळालं, शेअर मात्र निम्म्यावर

प्रश्न: नमस्कार ताई, मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. गेल्या वर्षी एका छोट्या कंपनीत 1 लाख 40 हजार घातले, त्यांनी जाहीर केलेलं की परदेशी फर्मकडून एअरशिप (हेलियम वायूवर तरंगणारं हवाई जहाज) टेक्नॉलॉजीचं लायसन्स घेतलंय, रस्ता नाही तिथं जड सामान नेणार. तेव्हा रोज अप्पर सर्किट लागायचं, म्हणजे भाव दिवसभरात चढू शकतो त्या वरच्या मर्यादेला जायचा, आता भाव निम्मा. ग्रुपवर जरा शंका काढली की लोक अंगावर येतात. मेहुणा म्हणतो स्वस्तात अजून घेऊन अ‍ॅव्हरेज कर, म्हणजे सरासरी खरेदीभाव खाली येईल. काय करू?

उत्तर: दादा, अ‍ॅव्हरेज अजिबात करू नका. तुमची शंका बरोबर आहे, दबून जाऊ नका. सौद्याला हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय कुणी बोली लावत नाही, मग लायसन्सची बातमी न मोडता कशी घ्यायची?

एअरशिप खोटं नाही, पण फार खर्चिक आहे. एक घनमीटर हेलियम साधारण एकच किलो उचलतो आणि त्यात जहाजाचं स्वतःचं वजन पण आलं. ब्रिटनचं एअरलँडर 10 घ्या, 92 मीटर लांब, पोटात 38 हजार घनमीटर हेलियम, आणि माल किती तर 10 टन, म्हणजे तुमच्या यार्डातला दहा चाकी ट्रक त्याहून जास्त नेतो! लॉकहीड मार्टिनसारख्या कंपनीने 2006 ला पी-791 हे चाचणीचं एअरशिप उडवून दाखवलं, विकलं एकही गेलं नाही, शेवटी 2023 ला ती टेक्नॉलॉजी एटी2 एरोस्पेसला देऊन टाकली. जर्मनीच्या कार्गोलिफ्टरला 160 टन उचलणारं जहाज बांधायचं होतं, हजारो छोट्या लोकांनी शेअर घेतले, 360 मीटर लांबीचा हँगर उभा राहिला आणि 2002 ला कंपनी बुडाली. त्या हँगरमध्ये आता वॉटरपार्क आहे. ती माणसं लबाड नव्हती हो, पैसाच पुरला नाही, म्हणून तर मला तुमची जास्त काळजी वाटते.

आता बीएसईच्या साइटवर कंपनीची ती घोषणा काढून नीट वाचा. नुसता एमओयू (बंधन नसलेला प्राथमिक समजुतीचा कागद) आहे की पक्का करार, फी कोण कुणाला देणार, आगाऊ किती, रॉयल्टी कधीपासून, समोरची फर्म प्रमोटरच्या, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांच्या, नात्यातली तर नाही ना. मग कॅश फ्लो, म्हणजे पैशाची आवकजावक बघा, बँकेत 2-3 कोटी असतील तर त्यात प्रोटोटाइप (पहिला नमुना) होत नाही, नवे शेअर काढतील आणि तुमचा हिस्सा पातळ होईल. फी आगाऊ देऊन झाली आणि पुढच्या पैशाचा पत्ता नाही असं दिसलं तर मी तरी तोटा सोसून बाहेर पडेन.

हेच प्रश्न कंपनी सेक्रेटरीला ईमेल करा, मराठीत लिहिलंत तरी चालेल. दाद दिली नाही तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. आणि उत्तर आलं तर मला पाठवा, मी वाचून कळवते.