प्रोटोकॉल ठरलेला असतो, तरी डॉक्टर तो पाळत का नाहीत?

तुम्ही विचारलंय की हॉस्पिटलमध्ये आजारानुसार प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांचे ठरलेले नियम, छापून ठेवलेले असतात तरी डॉक्टर आपापल्या मनाने का वागतात. मी फिजिशियन आहे, डेंग्यूवरूनच सांगतो, पावसाळ्यात आमची निम्मी डोकेदुखी तीच असते.

नियम तसा सोपाय. रक्तस्राव नसेल तर पेशी, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट, 10,000 च्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवायच्या नाहीत, आपल्या राष्ट्रीय गाइडलाइनमध्येच आहे हे. 2017 ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सिंगापूर-मलेशियातल्या 372 पेशंटचा अभ्यास आला, सगळे पेशी 20,000 किंवा कमी पण ब्लीडिंग नाही असे, तर प्लेटलेट दिल्याने ब्लीडिंग काही फारसं टळलं नाही, उलट अंगावर पित्त उठण्यासारखे त्रास त्यांनाच जास्त झाले. एमडीच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हा नियम पाठ असतो. तरी 25,000 ला प्लेटलेटच्या पिशव्या लागतातच.

कारण रात्री अकराला रिपोर्ट येतो, सकाळी 40,000 होत्या त्या आता 22,000, बाहेर दहा-बारा नातेवाईक, त्यातल्या कोणीतरी डोनरपण गोळा करून ठेवलेत, आणि एकट्या रेसिडेंटने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, त्यांना सांगायचं की थांबा, आत्ता काही चढवायचं नाहीये. थांबून काही बरंवाईट झालं तर 'बघत बसले' म्हणणार. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, पण त्या वेळी त्याचा काय उपयोग. बिलाचा हिशोब कुठेच नसतो असंही म्हणणार नाही, काही ठिकाणी असतो.

आता नियम सोडणं दरवेळी चूकच असतं असं नाही हं. स्टेंटमुळे ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील किंवा तातडीचं ऑपरेशन असेल तर मीपण 10,000 ची वाट बघणार नाही, फक्त कारण केसपेपरवर लिहीन. आमच्याकडे रक्तपेढीच्या फॉर्मवर ते कारण भरल्याशिवाय पिशवी मिळत नाही आणि नातेवाईकांशी बोलायला सिनियरला स्वतः यावं लागतं. भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा याने जास्त फरक पडला, कारण पोरांना 'हॉस्पिटलचा नियम आहे, माझ्या हातात नाही' असं सांगता येतं.

आणि या पेशींच्या नादात प्रोटोकॉलमधलं खरं महत्त्वाचं काम मागे पडतं ते वेगळंच. डेंग्यूत धोका असतो तो ताप उतरायला लागल्यावर पुढचे एक-दोन दिवस, रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) झिरपतो, बीपी पडतं, तेव्हा हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचं प्रमाण), बीपी, लघवी ठराविक तासांनी बघून सलाईन कमी-जास्त करायचं असतं. घरचं कोणी ॲडमिट असेल तर पेशींच्या आकड्यासोबत हिमॅटोक्रिट किती आणि लघवी नीट होतेय का तेपण विचारत जा.